नेटवर्क-स्विचवरील अनधिकृत प्रवेश व त्याची सूचना : एक ऐतिहासिक विवेचन

१

इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदीइतकेच नोंदीच्या मौनाकडेही लक्ष द्यावे लागते. एखाद्या दप्तरात एखाद्या घटनेचा उल्लेख आढळला नाही, एवढ्यावरून ती घटना घडलीच नाही असे अनुमान काढणे धोक्याचे असते. ते दप्तर कोणी ठेवले, कोणत्या हेतूने ठेवले, त्यात काय टिपावयाचे व काय गाळावयाचे याचा नियम कोणता होता, आणि ज्याच्याविरुद्ध नोंद व्हावयाची त्याचाच हात त्या दप्तरापर्यंत पोहोचत होता की काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून मौनाला पुरावा मानता येत नाही. संशोधनपद्धतीच्या वर्गात हा धडा आपण बखरी, रोजकीर्दी आणि सरकारी कागदपत्रे यांच्या संदर्भात शिकतो. परंतु आपल्या काळातील दप्तरांचा फार मोठा भाग आता यंत्रेच लिहितात. त्या यंत्रलिखित दप्तरांनाही हेच प्रश्न विचारावयास हवेत, याकडे अभ्यासकांचे लक्ष अद्याप पुरेसे गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखात अशा एका अगदी लहान नोंदीचा इतिहास मांडावयाचा आहे. संगणकांच्या जालात जो स्विच नावाचा जोडयंत्राचा प्रकार असतो, त्याच्या व्यवस्थापनात अधिकार नसलेल्या कोणी हात घालण्याचा यत्न केला, तर त्या यंत्राने आपल्या चालकाला तसा इशारा द्यावा, अशी सोय १९८८ पासून प्रमाणित स्वरूपात उपलब्ध आहे. ही सोय कशी जन्मास आली, तिच्यात कोणती वैगुण्ये राहिली, ती कोणत्या अनुभवांमुळे ध्यानात आली आणि ती दूर करण्याचे यत्न कोणते झाले, याचे विवेचन येथे केले आहे. या विवेचनातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगितलेला बरा. अनधिकृत प्रवेशाचा इशारा हा यंत्राचा एखादा गुण नसून ती साक्षीची एक व्यवस्था आहे. आणि साक्षीदार हा ज्याच्यावर पहारा ठेवावयाचा त्याच्यापासून जितका अलग असेल, तितकीच त्या साक्षीला किंमत असते. ज्या ज्या वेळी हे तत्त्व विसरले गेले, त्या त्या वेळी यंत्र गप्प राहिले आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘सर्व क्षेम आहे’ असा लावला गेला.

२

प्रथम स्विच म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एखाद्या कचेरीतील वा महाविद्यालयातील संगणक तारांनी ज्या पेटीला जोडलेले असतात, ती पेटी म्हणजे स्विच. कोणत्या संगणकाकडून आलेली माहिती कोणत्या तारेवर पाठवावयाची, हे ती ठरविते. इथरनेट जातीच्या जालासाठी अशा प्रकारचे पहिले व्यापारी यंत्र कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणले. त्याला सात जोडण्या होत्या. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते या कंपनीच्या संस्थापकांपैकी होत. कंपनीच्या नावातच ही ओळख उमटलेली आहे. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली.

अशा पेटीला दोन प्रकारचे व्यवहार असतात. एक म्हणजे तिच्यातून वाहणाऱ्या माहितीचा व्यवहार, आणि दुसरा म्हणजे खुद्द तिला आज्ञा देण्याचा व्यवहार. कोणती जोडणी चालू ठेवावी, कोणती बंद करावी, कोणते संगणक एका गटात असावेत, एका तारेवरील माहितीची प्रत दुसऱ्या तारेवर पाठवावी किंवा कसे, या सर्व गोष्टी दुसऱ्या व्यवहाराने ठरतात. या आज्ञा-व्यवहाराला व्यवस्थापन म्हणतात. व्यवस्थापनाचा अधिकार ज्याच्या हाती गेला, त्याला एकेका संगणकात शिरण्याची गरज उरत नाही. सर्वांचा पत्रव्यवहार ज्या वाटेने जातो, ती वाटच त्याच्या मालकीची होते. म्हणूनच या अधिकारावर कोणी हात टाकला तर त्याची वर्दी वेळेवर मिळणे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. त्या जालावर विसंबून राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खाजगी व सार्वजनिक व्यवहाराशी तो निगडित असतो.

३

संगणकातील अनधिकृत वावर नोंदींवरून ओळखता यावा, ही कल्पना स्विचच्या जन्मापेक्षा जुनी आहे. १९८० मध्ये जेम्स अँडरसन यांनी संगणकावरील धोक्यांच्या देखरेखीविषयी एक अहवाल लिहिला. संगणक ज्या नोंदी एरवी हिशेबासाठी ठेवतात, त्या नोंदी सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासल्या तर परक्याचा वावर उघडकीस आणता येईल, असा विचार त्यात मांडला होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि १९८५ मध्ये सुधारलेल्या संगणक-सुरक्षिततेच्या निकषांत याच विचाराचे पुढचे पाऊल दिसते. वरच्या श्रेणीच्या संगणकाने संशयास्पद घटनांची मोजदाद ठेवावी आणि ठरलेली मर्यादा ओलांडली जाताच सुरक्षा-अधिकाऱ्याला तत्काळ कळवावे, अशी अपेक्षा या निकषांत नमूद आहे. नोंद ठेवणे आणि इशारा देणे यांतील भेद येथे स्पष्ट झाला. नोंद ही मागाहून वाचावयाची असते, तर इशारा हा घटना चालू असतानाच ऐकावयाचा असतो. १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी या कल्पनांना शास्त्रीय प्रतिकृतीचे रूप दिले.

मात्र या विषयातील खरा बोधप्रद प्रसंग ग्रंथांत घडला नाही. तो १९८६ च्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडला. तेथे क्लिफर्ड स्टोल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणकांची देखभाल करीत होते. संगणकाच्या वापराचा हिशेब ठेवणाऱ्या दोन स्वतंत्र पद्धती तेथे चालू होत्या, आणि त्यांच्या बेरजांत ७५ सेंटांची तफावत आली. ही क्षुल्लक तफावत शोधीत असता परका मनुष्य संगणकात वावरत असल्याचे उघड झाले. पुढे सुमारे वर्षभर पाठलाग करून तो जर्मनीतील हॅनोव्हर शहरातून येत असल्याचे सिद्ध झाले. आणि मिळविलेली माहिती तो व त्याचे साथीदार सोव्हिएत हेरखात्याला विकत होते, हेही बाहेर आले. स्टोल यांनी हा वृत्तान्त १९८८ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात आणि १९८९ मध्ये ‘द कुकूज एग’ या पुस्तकात सविस्तर प्रसिद्ध केला.

या प्रसंगातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, प्रवेश उघडकीस आला तो कोणत्याही एका नोंदीमुळे नव्हे, तर परस्परांशी संबंध नसलेल्या दोन नोंदींतील विसंगतीमुळे. हिशेबाची एकच वही असती, तर तिच्यात चूक आहे हे कशाशी ताडून पाहावयाचे, हाच प्रश्न पडला असता. दुसरी गोष्ट अशी की, संशय येताच स्टोल यांनी पाळत ठेवण्याचे काम त्या संगणकावर सोपविले नाही. बाहेरून येणाऱ्या तारांवरच त्यांनी छपाईची यंत्रे जोडली. परका मनुष्य संगणकात शिरून सर्वाधिकारी झाला होता, तरी तारेवर बसलेले हे यंत्र त्याला दिसणेही शक्य नव्हते, मग त्याची नोंद पुसणे तर दूरच. साक्षीदार अलग ठेवण्याचे तत्त्व येथे प्रत्यक्ष आचरणात आले. पुढील काळातील प्रमाणकारांनी ते तितक्याच काळजीने पाळले असे मात्र म्हणता येत नाही.

४

इंटरनेटचा विस्तार होऊ लागला तेव्हा जालातील यंत्रांचे व्यवस्थापन दुरून करता यावे, अशी निकड निर्माण झाली. या कामी काय उपाय योजावा याचा विचार करून इंटरनेटच्या नियामक मंडळाने १९८८ च्या एप्रिलमध्ये आपल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. तात्पुरती सोय म्हणून एक साधी पद्धती स्वीकारावी आणि कालांतराने आंतरराष्ट्रीय प्रमाणांवर आधारलेली अधिक व्यापक पद्धती अंगीकारावी, असा त्यांचा मथितार्थ होता. ही साधी पद्धती म्हणजेच ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ अथवा एसएनएमपी होय. केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन यांनी लिहिलेली तिची संहिता आरएफसी १०६७ या क्रमांकाने १९८८ च्या ऑगस्टमध्ये निघाली, आणि १९९० च्या मे महिन्यात आरएफसी ११५७ या रूपात ती स्थिर झाली. तात्पुरती म्हणून आलेली ही पद्धतीच टिकली. व्यापक पद्धतीची वाट मात्र इंटरनेटच्या जगात मागे पडली. इतिहासात तात्पुरत्या तजविजी कायमच्या होतात, याचे हे आणखी एक उदाहरण होय.

या पद्धतीत यंत्राने आपण होऊन पाठवावयाच्या वर्दीला ‘ट्रॅप’ असे नाव आहे. मूळ संहितेत ट्रॅपचे सात प्रकार सांगितले असून त्यांना ० ते ६ असे क्रमांक आहेत. यंत्र नव्याने चालू होणे, एखादी जोडणी तुटणे वा पुन्हा जुळणे, यांसारख्या घटनांबरोबरच क्रमांक ४ चा प्रकार ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’, म्हणजे ओळख न पटल्याची वर्दी, असा आहे. यंत्राशी बोलणाऱ्याने आपल्या संदेशात एक परवलीचा शब्द धाडावयाचा असतो. त्याला ‘कम्युनिटी’ नाव म्हणतात. ते चुकले तर यंत्राने आपल्या चालकाला ही वर्दी द्यावी, अशी योजना होती. पुढे १९९० नंतर जे स्विच आले, त्यांनीही हीच योजना उचलली. स्विचच्या आज्ञापत्रात आजही या वर्दीची ओळ आढळते.

या वर्दीची चिकित्सा आपण एखाद्या कागदाची करावी तशी केली, तर तिच्यात पाच वैगुण्ये आढळून येतात.

पहिले असे की, मूळ संहितेप्रमाणे या वर्दीत आगंतुक कोण होता व कोठून आला, याचा उल्लेख सक्तीचा नव्हता. कोणीतरी दार वाजविले, एवढेच ती सांगे. आगंतुकाचा पत्ता कळविण्याची सोय काही कारखानदारांनी पुढे आपापल्या परीने केली. दुसरे असे की, वर्दीवरील काळाची खूण ही तारीख व वेळ अशी नसून यंत्र चालू झाल्यापासून किती काळ लोटला याची मोजदाद होती. ती सेकंदाच्या शतांश भागांत केलेली असे. कर्त्याचे नाव नाही आणि तिथीही नाही, अशा कागदाचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. तिसरे असे की, ही वर्दी ज्या वाहतूक-पद्धतीने जाई, तीत पोच मिळण्याची व्यवस्था नव्हती. वर्दी वाटेत हरवली, तर ती धाडणाऱ्याला ते कळत नसे आणि जिला ती मिळावयाची तिलाही कळत नसे.

चौथे वैगुण्य अधिक खोल आहे. अशा वर्द्यांचा अतिरेक होऊ नये म्हणून त्या दाबून ठेवण्याची सोयही यंत्रात असलीच पाहिजे, असे संहितेने बजावले होते. १९९१ च्या मार्चमध्ये निघालेल्या ‘मिब-२’ या व्यवस्थापन-माहितीच्या यादीत या सोयीसाठी एक कळ ठेवण्यात आली. यंत्रातील इतर कोणत्याही मांडणीपेक्षा तिचा शब्द वरचढ राहील, असेही नमूद झाले. ही कळ त्याच व्यवस्थापन-पद्धतीने दुरून वाचता येई आणि बदलताही येई. याचा अर्थ असा की, ज्याच्या हाती लिहिण्याच्या अधिकाराचा परवलीचा शब्द लागला, तो पहिल्याच संदेशाने पहारेकऱ्याचे तोंड बंद करू शके. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्या, तसाच हा प्रकार होता.

पाचवे वैगुण्य वर्दीच्या व्याख्येतच दडलेले होते. ही वर्दी चुकलेल्या परवलीची होती. बरोबर परवली उच्चारणारा मनुष्य खरोखर अधिकारी आहे की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेत येतच नव्हता. शिवाय परवलीचा हा शब्द जालावरून उघड्या स्वरूपात जात असल्याने वाटेत कान देणाऱ्या कोणालाही तो ऐकू येई, आणि पुष्कळ यंत्रे कारखान्यातून निघताना वाचण्यासाठी ‘पब्लिक’ व लिहिण्यासाठी ‘प्रायव्हेट’ हेच सर्वज्ञात शब्द घेऊन निघत. मालकाने ते बदलले नाहीत, तर परक्याला चुकण्याचे कारणच उरत नसे. सारांश, ही वर्दी अयशस्वी चोराची साक्ष होती. यशस्वी चोराविषयी ती काहीच बोलत नव्हती.

५

ही वैगुण्ये त्या काळच्या जाणकारांना दिसत नव्हती असे मात्र मानू नये. १९९२ च्या जुलैमध्येच सुरक्षित एसएनएमपीचा आराखडा मांडला गेला. १९९३ मध्ये दुसरी आवृत्ती आली. पोच घेऊन जाणारी ‘इन्फॉर्म’ नावाची वर्दी तिने आणली, आणि तिसऱ्या वैगुण्यावर उपाय उपलब्ध झाला. परंतु या आवृत्तीची सुरक्षा-योजना इतकी किचकट ठरली की तिच्याविषयी एकमत होऊ शकले नाही. १९९६ मध्ये तिचे जे रूप प्रचारात आले, त्यात पुन्हा तोच उघडा परवलीचा शब्द परत आला. सुधारणेने एक पाऊल मागे घ्यावे असा हा प्रसंग आहे. १९९८ च्या जानेवारीत तिसऱ्या आवृत्तीची संहिता निघाली आणि २००२ च्या डिसेंबरात तिला पूर्ण प्रमाणाचा दर्जा मिळाला. तीत प्रत्येक चालकाला स्वतंत्र नाव, संदेशाच्या अस्सलपणाची गणिती खूण आणि मजकूर गुप्त ठेवण्याची सोय आहे. जुना संदेश टिपून ठेवून मागाहून पुन्हा पाठविण्याची युक्ती चालू नये म्हणून १५० सेकंदांची कालमर्यादाही तीत घातली आहे. अनोळखी नाव, चुकीची खूण, कालमर्यादेबाहेरचा संदेश, अशा निरनिराळ्या अपयशांची मोजणीही ती वेगवेगळी ठेवते. जेथे पूर्वी ‘ओळख पटली नाही’ एवढेच कळे, तेथे का पटली नाही हेही आता कळू लागले.

याच सुमारास दुसऱ्या तीन दिशांनी या व्यवस्थेत भर पडली. स्विचला आज्ञा देण्यासाठी जी टेलनेट पद्धती वापरीत, तीत पासवर्ड उघडा जात असे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या जालावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार झाल्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच ही गुप्त संभाषणाची पद्धती रचली, आणि क्रमाने ती टेलनेटच्या जागी आली. दुसरी भर म्हणजे प्रवेशाची परवानगी व तिची नोंद यांसाठी स्विचबाहेरचा स्वतंत्र संगणक नेमण्याची प्रथा. रेडियस आणि टॅकॅक्स या पद्धतींनी ती रूढ केली. रेडियसची संहिता १९९७ च्या जानेवारीत निघाली. तिसरी भर ‘सिसलॉग’ची. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्कली येथे टपाल वाहणाऱ्या एका प्रोग्रामसाठी ही नोंदपद्धती लिहिली होती. तीत प्रत्येक नोंदीला ० ते ७ असा गांभीर्याचा क्रमांक असतो. ० हा सर्वांत गंभीर. यंत्राने आपली नोंद आपल्याजवळ न ठेवता दुरच्या संगणकाकडे तत्काळ धाडावी, ही तिची विशेषता होय. इतकी रूढ असूनही तिचे लिखित वर्णन २००१ मध्ये आणि प्रमाण संहिता २००९ च्या मार्चमध्ये झाली, तेव्हाच मजकूर गुप्तपणे नेण्याची सोयही तिला लाभली.

या तिन्ही गोष्टींचे समान सूत्र ध्यानात घेण्याजोगे आहे. परवानगी देणारा, नोंद ठेवणारा आणि ज्याच्यावर पहारा आहे तो, ही तीन कामे पूर्वी एकाच पेटीत होती. ती वेगवेगळ्या ठिकाणी नेण्यात आली. १९८६ मध्ये स्टोल यांनी तारेवर छपाईयंत्र बसवून जे हातांनी साधले, तेच आता व्यवस्थेच्या रूपाने साध्य झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

६

परंतु इशारा निघाला म्हणजे तो ऐकला गेला, असे होत नाही. जालातील यंत्रे शोधणारे निरुपद्रवी प्रोग्रामही ‘पब्लिक’ या शब्दाने प्रत्येक पेटीचे दार ठोठावतात. चालक स्वतःच घाईत पासवर्ड चुकवितो. पासवर्ड बदलल्यावर एखादा देखरेखीचा संगणक जुनाच शब्द वापरीत राहतो. या प्रत्येक प्रसंगी वर्दी निघते. १९९९ मध्ये स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी या अडचणीचे गणित संभाव्यताशास्त्राच्या आधारे मांडले. त्याचा आशय एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका जालात महिन्याकाठी व्यवस्थापन-प्रवेशाच्या १,००,००० घटना होतात आणि त्यांपैकी फक्त १० खरोखर दुष्ट हेतूच्या असतात. इशारा देणारी व्यवस्था इतकी चांगली आहे की त्या दहाही ती ओळखते, आणि निर्दोष घटनांपैकी केवळ शेकडा एकावरच ती चुकून बोट ठेवते. तरीही महिन्याला सुमारे १,०१० इशारे येतील आणि त्यांतील १,००० खोटे असतील. शंभरात नव्याण्णव वेळा खोटी हाकाटी ऐकलेला मनुष्य शंभराव्या वेळी उठेलच, याची हमी कोणी द्यावी? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण बालपणीच ऐकलेली असते. येथे तिला अंकांचा आधार मिळाला आहे.

हा अनुभव ध्यानी घेऊन इशाऱ्याच्या मांडणीत मर्यादेची कल्पना आली. एकेका चुकीवर हाक न देता ठरावीक काळात ठरावीक संख्येहून अधिक चुका झाल्या तरच हाक द्यावी, आणि त्याच वेळी पुढील प्रयत्नांना काही काळ अटकाव करावा, अशी सोय स्विचमध्ये रूढ झाली. मर्यादा फार खाली ठेवली तर कोलाहल माजतो. फार वर ठेवली तर सावकाश, दिवसाला एकेक प्रयत्न करणारा धूर्त मनुष्य तिच्याखालून निसटतो. ही संख्या कोणत्याही ग्रंथात तयार मिळत नाही. आपल्या जालात नित्य काय घडते याची माहिती ज्याला आहे, त्यालाच ती ठरविता येते.

७

यशस्वी प्रवेशाविषयीचे मौन हे पाचवे वैगुण्य मात्र या सर्व सुधारणांनंतरही पूर्णपणे दूर झाले नाही, हे अलीकडच्या दोन घटनांवरून दिसून येते. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ‘सिनफुल नॉक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणाचा वृत्तान्त एका अमेरिकन सुरक्षा-कंपनीने प्रसिद्ध केला. युक्रेन, फिलिपाईन्स, मेक्सिको आणि भारत या चार देशांत मिळून किमान १४ राऊटरांमधील मूळ प्रणालीच बदलून टाकलेली आढळली होती. राऊटर हा जालाजालांना जोडणारा, स्विचचाच नात्यातला यंत्रप्रकार होय. प्रवेशासाठी कोणतीही नवी फट वापरली नसून कारखान्यातून आलेले किंवा हाती लागलेले पासवर्डच वापरले असावेत, असे तपास करणाऱ्यांचे मत पडले. बरोबर पासवर्डाने आत आलेल्यासाठी ओळख न पटल्याची वर्दी निघण्याचा प्रश्नच नव्हता. आणि एकदा प्रणालीच बदलल्यावर ती आपल्याच विरुद्ध साक्ष देईल ही अपेक्षा व्यर्थ होती. कुंपणानेच शेत खाल्ले, तर तक्रार कोणाकडे न्यावयाची?

दुसरी घटना २०२१ मधील आहे. तिचा तपशील २०२३ च्या एप्रिलमध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्या सुरक्षा-संस्थांनी संयुक्तपणे जाहीर केला. रशियाच्या लष्करी हेरखात्याशी संबंधित गटाने सिस्को राऊटरांत एसएनएमपीच्याच वाटेने प्रवेश केला होता, असे त्यांनी म्हटले. युक्रेनमधील सुमारे २५० जण त्याच्या कचाट्यात सापडले होते. वापरलेली फट २०१७ मध्येच बुजविण्यात आली होती, परंतु ती दुरुस्ती सर्वांनी करून घेतली नव्हती. आणि सहज तर्काने ओळखता येतील असे परवलीचे शब्द अद्यापही प्रचारात होते. १९८८ मधील तात्पुरत्या तजविजीची किंमत तेहतीस वर्षांनंतर अशी मोजावी लागली.

८

या इतिहासावरून आजच्या व्यवस्थेविषयी काही गोष्टी स्वाभाविकपणेच निष्पन्न होतात. स्विचवर इशाऱ्याची मांडणी करताना अपयशी प्रवेशाबरोबर यशस्वी प्रवेशाचीही वर्दी घ्यावयास हवी. कारण रात्री दोन वाजता बरोबर पासवर्डाने झालेला प्रवेश हा दहा चुकलेल्या पासवर्डांपेक्षा अधिक बोलका असू शकतो. मांडणीत झालेल्या प्रत्येक बदलाची, आणि विशेषतः इशारा बंद केल्याची, वर्दी स्वतंत्रपणे बाहेर गेली पाहिजे. व्यवस्थापनाची वाट सर्वसाधारण वाहतुकीपासून अलग, ठरलेल्या थोड्याच पत्त्यांना मोकळी असावी, म्हणजे त्या वाटेवरील परका पाऊल टाकताच उठून दिसतो. तिसरी आवृत्ती, पोच देणारी वर्दी आणि दूरस्थ नोंद यांचा उपयोग करावा. सर्व यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळविलेली असावीत, अन्यथा दोन नोंदी ताडून पाहता येत नाहीत. आणि अधूनमधून चालकाने स्वतःच मुद्दाम चुकीची परवली उच्चारून वर्दी खरोखर पोहोचते की नाही, हे पाहावे. ज्या घंटेचा आवाज कोणी कधी ऐकलेला नाही, तिच्या शांततेवरून काहीच सिद्ध होत नाही.

आपल्या देशात या गोष्टींना कायद्याचे पाठबळही मिळाले आहे. २००४ च्या जानेवारीत कार्यारंभ केलेल्या ‘सर्ट-इन’ या भारत सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्था, कंपन्या व सेवा पुरविणारे यांनी आपल्या सर्व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवावयाच्या आहेत, घड्याळे राष्ट्रीय कालमापनाशी जुळवावयाची आहेत, आणि अनधिकृत प्रवेशासारख्या घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाच्या आहेत. नोंद, काळ आणि वर्दी या तिन्ही अंगांना येथे एकत्र स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने एक प्रश्न शिल्लक राहतोच. १८० दिवस ही किमान मर्यादा तपासाच्या सोयीसाठी आहे, अभिलेखागाराच्या सोयीसाठी नव्हे. तेवढे दिवस लोटल्यावर यांपैकी बहुतेक दप्तर पुसले जाईल. उद्याच्या संशोधकाला आजच्या जालांचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्याच्या हाती वर्द्या येण्याऐवजी प्रसिद्ध झालेले थोडेसे अहवाल तेवढे येतील, आणि ते प्रायः पकडल्या गेलेल्या प्रवेशांचेच असतील. न पकडल्या गेलेल्यांविषयी दप्तर गप्प राहील.

म्हणून या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने, मग तो स्विचची देखभाल करणारा असो वा इतिहासाचा विद्यार्थी असो, एकच सवय अंगी बाणवावी. नोंद वाचण्यापूर्वी ती कोणाच्या हाताखाली लिहिली गेली हे विचारावे, आणि नोंद नसेल तेथे लिहिणारा त्या वेळी जागा होता काय, हे विचारावे. बर्कलीतील हिशेबात ७५ सेंटांची तफावत आली तेव्हा ती किरकोळ समजून सोडून देणे अगदी सोपे होते. ती सोडली गेली नाही, म्हणूनच आज आपल्याला या इतिहासाचा आरंभ तरी सांगता येतो.